आधी 0-8, मग 9-1: यांकीज आणि रेड सॉक्स, मोसम 2009

11 जून 2009 च्या रात्री बॉस्टनच्या फेनवे पार्कवर न्यूयॉर्क यांकीज हा बेसबॉल संघ 4-3 असा हरला आणि त्या मोसमातला बॉस्टन रेड सॉक्सविरुद्धचा त्यांचा हिशेब आठ सामने, आठ पराभव असा झाला. 27 सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये याच रेड सॉक्सना 4-2 हरवून यांकीजनी दोघांचाही गट, म्हणजे अमेरिकन लीगचा पूर्व विभाग, जिंकला. तो त्यांचा मोसमातला 100 वा विजय होता. हा सामना धरून 11 जूननंतर दोन्ही संघ दहा वेळा भिडले आणि त्यांतले नऊ सामने यांकीजनी घेतले. मोसमाअखेर हिशेब 9-9.

या मोसमाची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते: खचलेला संघ जिद्दीने उठला, ऑगस्टमध्ये चार दिवसांत त्याने प्रतिस्पर्ध्याचं कंबरडं मोडलं आणि तिथून थेट जगज्जेतेपदापर्यंत गेला. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण आकडे मांडून बसलं की ती बरीच सैल वाटू लागते.

आधीचा हिवाळा

2008 मध्ये यांकीज प्लेऑफपर्यंत, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीपर्यंत, पोचले नव्हते. 1995 पासून सलग 13 मोसम तिथे हजेरी लावणाऱ्या संघासाठी ही नामुष्कीच होती. त्यातच 2009 च्या एप्रिलमध्ये दीड अब्ज डॉलरचं नवं कोरं स्टेडियम उघडणार होतं. मग पैशांची थैली मोकळी सुटली. डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) सीसी सबाथिया 7 वर्षांसाठी 16 कोटी 10 लाख डॉलर, पिचर ए. जे. बर्नेट 5 वर्षांसाठी 8 कोटी 25 लाख आणि पहिल्या बेसवर (धावपटूच्या पहिल्या टप्प्यावर) क्षेत्ररक्षण करणारा मार्क टेशेरा 8 वर्षांसाठी 18 कोटी. तिघांचे मिळून 42 कोटी 35 लाख डॉलर. टेशेरावर रेड सॉक्सचाही डोळा होता, त्यामुळे त्याचा करार बॉस्टनमध्ये जास्तच झोंबला.

दोन्ही संघ एकाच विभागात असल्यामुळे त्या काळी मोसमात त्यांची 18 वेळा गाठ पडायची, नऊदा एकाच्या घरी आणि नऊदा दुसऱ्याच्या. हे सामने सुटेसुटे नसतात. एक संघ दुसऱ्याच्या गावी जातो आणि दोन, तीन किंवा चार सामने ओळीने खेळून परततो. 2009 च्या 18 लढती अशा सहा फेऱ्यांत वाटल्या होत्या: एप्रिलमध्ये बॉस्टनला तीन, मे महिन्यात न्यूयॉर्कला दोन, जूनमध्ये पुन्हा बॉस्टनला तीन, ऑगस्टच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला चार, ऑगस्टमध्येच बॉस्टनला तीन आणि सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कला तीन. कोणती फेरी कुठे झाली, ते लक्षात असू द्या. पुढे लागेल.

आठ पराभव

पहिलाच सामना, 24 एप्रिल. नवव्या, म्हणजे नेहमीच्या शेवटच्या डावात तिघांपैकी दोन बाद झालेले, यांकीज 4-2 ने पुढे आणि चेंडू मारियानो रिवेराच्या हातात. शेवटच्या डावात आघाडी राखण्यात त्याच्या तोडीचा पिचर या खेळाने पाहिलेला नाही. बॉस्टनच्या जेसन बेने त्यालाच दोन धावांचा होमरन, म्हणजे मैदानापार फटका, मारला. अकराव्या डावात केविन यूकिलिसने आणखी एक होमरन ठोकून सामना 5-4 असा संपवला.

दुसऱ्या दिवशी यांकीजनी 6-0 अशी आघाडी घेतली होती. मग बर्नेटला जेसन वॅरिटेकने ग्रँड स्लॅम (चार धावांचा होमरन) मारला आणि धरणाची दारं उघडावीत तशा दोन्हीकडून धावा वाहू लागल्या. बॉस्टन 16, न्यूयॉर्क 11. तिसऱ्या दिवशीचं दृश्य तर अजून दाखवलं जातं. तिन्ही बेसवर बॉस्टनचे धावपटू, पिचिंगला अँडी पेटिट. तो डावखुरा, म्हणजे चेंडू टाकायला उभा राहिला की तिसऱ्या बेसकडे त्याची पाठ. तिथे उभ्या असलेल्या जाकोबी एल्सबरीने ती पाठ पाहिली आणि थेट होम प्लेटकडे, म्हणजे जिथे पोचलं की धाव होते तिकडे, धाव घेतली. होम चोरणं वर्षानुवर्षं पाहायला मिळत नाही आणि हे तर यांकीजविरुद्ध, भरल्या फेनवेत. सामना 4-1.

मे महिन्यात नव्या स्टेडियमवर पावसाने रखडवलेला सामना 6-4 असा गेला. दुसऱ्या दिवशी तरुण जोबा चेंबरलेनने 12 जणांना स्ट्राइकआउट केलं (चेंडू नीट मारूच न देता बाद केलं), पण पहिल्याच डावात 4 धावा देऊन बसला होता. त्यातल्या तीन पुन्हा जेसन बेच्या होमरनमधून आल्या. 7-3. जूनमध्ये फेनवेवर परतल्यावर बर्नेट तिसरा डावही पूर्ण करू शकला नाही, समोर जॉश बेकेटने यांकीजच्या फलंदाजीला हलूही दिलं नाही, 7-0. त्यानंतर दुखापतीतून सावरत असलेला तैवानी पिचर चिएन-मिंग वांग टिकला नाही, 6-5. आणि 11 जूनला सबाथिया सातव्या डावापर्यंत 3-1 अशी आघाडी घेऊन होता. आठव्यात बॉस्टनने तीन धावा काढल्या.

आठपैकी तीन सामने एका धावेने गेले होते, त्यातला एक रिवेराच्या हातून आणि एक सबाथियाच्या हातून. मालक, वर्तमानपत्रं, प्रेक्षक या सगळ्यांनी यांकीजचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, जो जिरार्डी याला धारेवर धरलं, ते त्या शहराच्या स्वभावाला धरूनच होतं.

पण त्या रात्रीचा गुणतक्ता बघा. दोन्ही संघांचे 60 सामने झालेले, बॉस्टन 36-24 (36 विजय, 24 पराभव), न्यूयॉर्क 34-26. बॉस्टन फक्त दोन सामन्यांनी पुढे (विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची सरासरी म्हणजे हे अंतर). आता त्यातून आपसातले आठ सामने काढून टाका. उरलेल्या जगाविरुद्ध बॉस्टन 28-24, न्यूयॉर्क 34-18. म्हणजे ज्या रात्री यांकीजच्या नावाने बोंब चालली होती, त्या रात्री इतर सगळ्यांविरुद्ध ते रेड सॉक्सपेक्षा सहा सामन्यांनी सरस होते. या प्रकरणात माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचा आकडा नाही, आणि त्या वेळच्या गदारोळात तो सहज झाकला जाण्यासारखा होता.

चार दिवस

जुलैत यांकीजनी विभागात आघाडी घेतली. 6 ऑगस्टला रेड सॉक्स न्यूयॉर्कला आले तेव्हा ती अडीच सामन्यांची होती. पहिल्या दिवशी बॉस्टनकडून 42 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ उतरला. अटलांटात थोर कारकीर्द केलेला, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेला माणूस. चौथ्या डावात यांकीजनी 8 धावा काढल्या आणि सामना 13-6 असा संपला. दुसऱ्या दिवशी रेड सॉक्सनी स्मोल्ट्झला संघातून मोकळं केलं.

त्याच 7 ऑगस्टच्या रात्रीचा सामना हा या 18 सामन्यांतला सर्वांत चांगला. बेकेट 7 डाव, शून्य धावा. बर्नेट 7 डाव आणि आठव्यातले दोन बाद, एकच हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका), शून्य धावा. हाच बर्नेट एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये या संघापुढे धुतला गेला होता, आणि पुढे 22 तारखेला पुन्हा धुतला जाणार होता. बुलपेन म्हणजे राखीव पिचर आले आणि दोन्हीकडचे तेही अभेद्य ठरले. 9 डाव संपले, 12 संपले, 14 संपले, 0-0. बॉस्टनकडे शेवटी उरला होता जुनिची ताझावा, वय 23. जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये न जाता तिथल्या कंपनी संघातून थेट अमेरिकेला आलेला, आणि ही त्याची मेजर लीगमधली पहिलीच रात्र. पंधराव्या डावात डेरेक जीटर बेसवर असताना अलेक्स रॉड्रिगेझने ताझावाचा चेंडू भिंतीपार केला. 2-0. खेळ सुरू होऊन साडेपाच तास उलटून गेले होते, घड्याळात मध्यरात्र कधीच टळली होती.

शनिवारी सबाथियाने आठव्या डावापर्यंत फक्त दोन हिट दिल्या, 5-0. रविवारी पेटिटने 7 डावांत एकही धाव दिली नाही. आठव्यात व्हिक्टर मार्टिनेझच्या होमरनने बॉस्टन 2-1 असं पुढे गेलं. शुक्रवारपासून त्या क्षणापर्यंत सलग 31 डाव त्यांच्या नावावर एकही धाव लागली नव्हती. ही आघाडी मोजून काही मिनिटं टिकली. त्याच डावात जॉनी डेमन आणि टेशेरा यांनी बॉस्टनचा पिचर डॅनियल बार्ड याला लागोपाठ होमरन मारले, 5-2.

अडीच सामन्यांची आघाडी साडेसहाची झाली. आपसातल्या सामन्याची हीच गंमत आहे, एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभवही असतो आणि दरी प्रत्येक वेळी पूर्ण एकाने हलते.

दोन आठवड्यांनी फेनवेवर तीन सामने झाले. पहिला 20-11. ही धावसंख्या बेसबॉलची आहे, टायपिंगची चूक नव्हे. एकट्या हिडेकी मात्सुईने त्यात 7 धावा फलंदाजीने मिळवून दिल्या. दुसऱ्या दिवशी बॉस्टनने 14-1 असा हिशेब चुकता केला, आणि त्या दिवशी 6 डाव एकही धाव न देणारा पिचर होता तोच ताझावा. तिसऱ्या दिवशी यांकीजनी बेकेटला पाच होमरन मारले, त्यातला पहिला जीटरने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर. 8-4. सप्टेंबरच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये 9-5, 3-0 आणि 4-2. त्यातल्या मधल्या सामन्यात सबाथियाने 7 डावांत एकच हिट दिली.

मग बदललं काय?

सर्वांत कंटाळवाणं उत्तर आधी: पत्ता बदलला. पहिल्या आठपैकी सहा सामने बॉस्टनला होते, नंतरच्या दहापैकी सात न्यूयॉर्कला. फेनवेवरच्या नऊ सामन्यांत रेड सॉक्स 7-2, यांकी स्टेडियमवरच्या नऊ सामन्यांत यांकीज 7-2. आरशातल्यासारखी बरोबरी. हे फक्त या दोघांपुरतंही नव्हतं. त्या मोसमात यांकीज घरी 57-24 होते आणि रेड सॉक्स 56-25. फरक होता तो बाहेरगावी: यांकीज 46-35, रेड सॉक्स 39-42.

क्रिकेट पाहणाऱ्याला खेळपट्टीचा फरक कळतो. बेसबॉलमध्ये मैदानाचा आकारच वेगळा असतो आणि तो नियमात बसतो. 1912 सालच्या फेनवेवर डावीकडची भिंत 37 फूट उंच आहे आणि होम प्लेटपासून जेमतेम 310 फुटांवर. यूकिलिस, बे, लॉवेल यांच्यासारखे उजव्या हाताचे फलंदाज चेंडू ओढून या भिंतीवर आदळतात, दुसऱ्या मैदानावर जो सहज झेल झाला असता तो इथे हिट होतो. नव्या यांकी स्टेडियमची उजवी बाजू कोपऱ्यात 314 फुटांवर आहे, आणि डावखुरे डेमन, मात्सुई, कानो आणि दोन्ही हातांनी खेळणारा टेशेरा यांना ती आंदण दिल्यासारखीच होती. डेमनचे त्या मोसमातले बहुतेक होमरन घरच्या मैदानावरचे आहेत. शिवाय यजमान संघ प्रत्येक डावात मागाहून खेळतो, त्यामुळे बरोबरीच्या सामन्यात शेवटचा शब्द त्याचा. 24 एप्रिलला तो यूकिलिसला मिळाला, 7 ऑगस्टला रॉड्रिगेझला.

पण सगळं श्रेय पत्त्याला देता येत नाही. नाणं उडवून सलग आठदा छापा पडण्याची शक्यता 256 मध्ये एक. घरच्या संघाला 65 टक्के संधी धरली, जी दोन तुल्यबळ संघांत तशी सढळच आहे, तरी सहा सामने घरी आणि दोन बाहेर असे आठही जिंकण्याची शक्यता साधारण 108 मध्ये एक निघते. मैदानाने कोडं निम्म्याहून थोडं जास्त सुटतं, बाकीचं शिल्लक राहतं.

बाकीच्याचा मोठा भाग पिचरांच्या पाळीत आहे. सुरुवातीचा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा उतरतो, म्हणून तीन सामन्यांच्या फेरीत कोण वाट्याला येईल हे वेळापत्रकावरही अवलंबून असतं. 16 कोटी 10 लाखांचा सबाथिया पहिल्या आठ सामन्यांत एकदाच उतरला, तोही आठव्यात. एप्रिल आणि मे महिन्यांतल्या फेऱ्यांत त्याची पाळीच आली नाही. नंतरच्या दहांत तो तीनदा आला, तिन्ही सामने यांकीजचे. पेटिटही तीनदा, तेही तिन्ही यांकीजचे. म्हणजे दहापैकी सहा सामने या दोन डावखुऱ्यांच्या हातात होते. रॉड्रिगेझ कमरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेमुळे 8 मेपर्यंत संघात नव्हता, तेव्हा पहिले पाच पराभव त्याच्याशिवायचे. जूनमध्ये पिचर फिल ह्यूजला बुलपेनमध्ये हलवण्यात आलं आणि रिवेराच्या आधीचा आठवा डाव त्याने सांभाळला. 11 जूनसारखी आठव्या डावातली पडझड त्यानंतर क्वचितच दिसली. जिरार्डीच्या निर्णयांपैकी याला मी सर्वांत वर ठेवेन, आणि त्याची चर्चा मात्र करारांच्या आकड्यांपुढे फारशी झाली नाही.

बॉस्टनच्या बाजूने उलटं घडत होतं. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे पिचर जास्त आणि जागा कमी अशी चैन होती. ऑगस्टपर्यंत दाइसुके मात्सुझाका आणि टिम वेकफील्ड दुखापतीमुळे बाहेर, स्मोल्ट्झ गेलेला आणि 20-11 च्या सामन्यात फोडून काढलेला ब्रॅड पेनीही त्याच महिन्यात मोकळा झालेला. बेकेट आणि जॉन लेस्टर यांच्यामागे भरवशाचं कुणी उरलं नव्हतं. बॉस्टनचा मॅनेजर टेरी फ्रँकोना याला पंधराव्या डावात पदार्पण करणाऱ्या पोरावर यावं लागलं ते उगीच नाही. त्यात 8 ऑगस्टला बॉस्टनचा फलंदाज डेव्हिड ऑर्टिझ याला यांकी स्टेडियमवरच पत्रकार परिषद घेऊन 2003 च्या उत्तेजक चाचणीच्या यादीबद्दल खुलासा करावा लागला. त्याचा मैदानावर किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, म्हणून मी ते हिशेबात धरत नाही. जिद्द आणि मनोबलाबद्दलही माझं हेच म्हणणं. ते नसतं असं नाही, पण 7 ऑगस्टला बेकेटची जिद्द बर्नेटपेक्षा कमी होती असं कुणी म्हणू शकेल का?

बेरीज

18 सामन्यांत यांकीजच्या धावा 101, रेड सॉक्सच्या 99. पहिल्या आठांत 31 विरुद्ध 55, नंतरच्या दहांत 70 विरुद्ध 44. इतकं झोके खाऊन दोन धावांचा फरक.

मोसम संपला तेव्हा यांकीज 103-59, रेड सॉक्स 95-67. अंतर आठ सामन्यांचं. आपसातली बरोबरी वजा केली की यांकीज 94-50 आणि रेड सॉक्स 86-58, म्हणजे तेच आठ. विभागाच्या अजिंक्यपदाचं पूर्ण अंतर इतर संघांविरुद्ध तयार झालं. आणि त्या आठांपैकी सहा 11 जूनच्या रात्रीच खात्यावर जमा होते. मिनेसोटाविरुद्ध यांकीज सातपैकी सात जिंकले, त्यांच्या आठवणी कोण काढतो? ऑगस्टच्या चार दिवसांनी एप्रिल ते जूनमधलं कर्ज फेडलं, भांडवल दुसरीकडे कमावलेलं होतं.

जिरार्डीने जूनमध्ये घाबरून संघ विस्कटला असता, बर्नेटला पाळीतून काढलं असतं किंवा चेंबरलेनची जागा बदलली असती, तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. त्याने तसं केलं नाही, आणि त्याच्याजवळ तसं न करण्याला 34-18 एवढं भक्कम कारण होतं. ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्स वाइल्ड कार्डने, म्हणजे विभाग न जिंकता मिळणाऱ्या जागेवरून, आत आले आणि एंजल्सकडून 0-3 हरून गेले, त्यामुळे एकोणिसावी लढत झालीच नाही. यांकीजनी सबाथिया, बर्नेट, पेटिट या तिघांवरच प्लेऑफ काढली आणि 4 नोव्हेंबरला फिलाडेल्फियाला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली.

दोन वर्षांनी याच जोडीने उलटं उदाहरण घालून दिलं. 2011 मध्ये रेड सॉक्सनी यांकीजना 18 पैकी 12 वेळा हरवलं. विभाग यांकीजनी जिंकला, 97-65. रेड सॉक्स 90-72 वर अडकले आणि मोसमाच्या शेवटच्या रात्री, 28 सप्टेंबरला, बाल्टिमोरमध्ये 4-3 असे हरले. काही मिनिटांतच टॅम्पा बेने 0-7 अशा पिछाडीवरून बाराव्या डावात 8-7 ने सामना जिंकून त्यांची वाइल्ड कार्डची जागा घेतली. त्या रात्री टॅम्पा बेकडून हरलेला संघ यांकीज होता.